शनिवारची संध्याकाळ कोणाची? 'द लॉरेन्स वेल्क शो' आणि १९७१ सालचा निर्णय

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी या दूरचित्रवाणी नेटवर्कने, म्हणजे देशभरातल्या स्थानिक केंद्रांना एकच कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीने, सोळा वर्षं चाललेला आपला शनिवार रात्रीचा संगीताचा कार्यक्रम पुढच्या हंगामात घ्यायचा नाही, असं ठरवलं. हा कार्यक्रम म्हणजे वाद्यवृंदप्रमुख लॉरेन्स वेल्कचा 'द लॉरेन्स वेल्क शो'. बघणारे भरपूर होते, पण बहुतेकांनी पन्नाशी ओलांडली होती आणि अडचण तीच होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तोच वाद्यवृंद, तेच गायक आणि तेच नर्तक देशभरातल्या दोनशेहून अधिक स्थानिक केंद्रांवर पुन्हा दिसू लागले. त्यानंतर आणखी अकरा वर्षं या कार्यक्रमाचे नवे भाग निघत राहिले.

आपल्याकडे एखादी मालिका अचानक गुंडाळली की 'टीआरपी पडला' एवढं एकच कारण सांगितलं जातं आणि आपणही ते मान्य करतो. इथे टीआरपी कोसळलेला नव्हता. प्रेक्षक मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात, कार्यक्रमाची मालकी कोणाकडे आहे याने काय फरक पडतो, आणि सरकारने एका हेतूने केलेला नियम भलत्याच माणसाच्या पथ्यावर कसा पडतो, हे सगळं या एका प्रकरणात पाहायला मिळतं. वेल्कला चाहत्यांच्या प्रेमाने तारलं असं नेहमी लिहिलं जातं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. त्या वर्षी बंद पडलेल्या इतर कार्यक्रमांवरही लोकांचं प्रेम होतंच, तरी त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. वेल्ककडे प्रेमाशिवाय आणखी काही होतं, आणि ते त्याने १९७१ च्या बऱ्याच आधीपासून जमवायला घेतलं होतं.

चारशे डॉलरचा अकॉर्डियन

लॉरेन्स वेल्कचा जन्म ११ मार्च १९०३ चा, नॉर्थ डकोटातल्या स्ट्रासबर्ग या खेड्याजवळच्या शेतावरचा. आईवडील जर्मनभाषक, पण आले होते रशियाच्या साम्राज्यातून, काळ्या समुद्राजवळच्या ओडेसा परिसरातून. त्या भागातली हजारो जर्मन शेतकरी कुटुंबं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डकोटाच्या गवताळ माळावर येऊन वसली. आठ भावंडांत लॉरेन्स सहावा. चौथीतच शाळा सुटली आणि तो शेतीच्या कामाला लागला. घरात, चर्चमध्ये, गावात सगळीकडे जर्मनच बोलली जायची. त्यामुळे अमेरिकेच्या मातीत जन्मूनही एकविसाव्या वर्षी घर सोडताना त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं. बोलण्यातली ती जर्मन ढब शेवटपर्यंत गेली नाही. पुढे नक्कलकारांनी तिच्यावर पोट भरलं, आणि त्याच्या प्रेक्षकांनी तिला आपल्या बापाचं, आजोबाचं बोलणं म्हणून ओळखलं.

वडिलांकडे जुना अकॉर्डियन होता. मुलाला नवा, चांगला हवा होता आणि त्याची किंमत होती चारशे डॉलर. गरीब शेतकऱ्याच्या घरात हा आकडा उच्चारणंसुद्धा धाडसाचं होतं. शेवटी सौदा ठरला. वडिलांनी वाद्य टपालाने मागवून द्यायचं, त्या बदल्यात मुलाने एकविसावं लागेपर्यंत शेतावर राबायचं आणि वाजवून मिळेल तो पैसा घरात द्यायचा. त्याने शब्द पाळला आणि एकविसाव्या वाढदिवशी घर सोडलं. हा किस्सा त्याच्या प्रत्येक चरित्रात भावुकपणे सांगतात. मला त्यात व्यवहार जास्त दिसतो. आधी वाद्य स्वतःच्या मालकीचं करायचं, मग बाहेर पडायचं, ही सवय त्याने जन्मभर सोडली नाही.

१९२७ मध्ये तो साउथ डकोटातल्या यँक्टन गावी पोचला आणि डब्ल्यूएनएएक्स या रेडिओ केंद्रावर वाजवू लागला. तिथे तो १९३६ पर्यंत होता. मला ही वर्षं कळीची वाटतात. सपाट माळरानामुळे त्या केंद्राचा आवाज लांबलांबच्या शेतांवर पोचायचा. दिवसा रेडिओवर वाजवायचं, 'अमुक दिवशी अमुक गावी नाच आहे' असं सांगायचं, आणि संध्याकाळी त्या गावच्या सभागृहात जाऊन वाजवायचं. ज्यांनी ऐकलं तेच तिकीट काढून यायचे. मधे कोणी मोठा दलाल नव्हता, नेटवर्क तर नव्हतंच. एक स्थानिक केंद्र, त्याच्या टप्प्यातली गावं आणि तिथले श्रोते, एवढ्यावर वाद्यवृंद जगू शकतो हे त्याने पंचविशीतच अनुभवलं होतं.

पुढे तो मोठ्या हॉटेलांत आणि नृत्यगृहांत वाजवू लागला. १९३८ मध्ये पिट्सबर्गच्या विल्यम पेन हॉटेलात वाजवताना त्याच्या हलक्याफुलक्या सुरांना कोणी तरी शॅम्पेनची उपमा दिली. 'शॅम्पेन म्युझिक' हे नाव तिथून चिकटलं आणि साबणाच्या फुग्यांचं यंत्र त्याची ओळख झालं. चाळिशीच्या दशकात शिकागोच्या ट्रायनॉन नृत्यगृहात त्याचा मुक्काम असे. नृत्यगृहाचा मालक वाद्यवृंदाची परीक्षा एकाच गोष्टीवरून करतो: लोक नाचायला उठतात की बसून राहतात. म्हणून वेल्कचं संगीत कायम पायांसाठी होतं. चाल ओळखीची, ठेका स्पष्ट, गाणं तीन मिनिटांच्या आत संपलेलं. क्लॅरिनेटवादक पीट फाउंटन काही काळ त्याच्याकडे होता. त्याच्यासारखा न्यू ऑर्लीन्सचा जॅझ कलावंत या चौकटीत फार दिवस रमणं शक्य नव्हतं, आणि १९५९ मध्ये तो गेलाच. वेल्कला मात्र या चौकटीबद्दल कधी शंका आली नाही.

एबीसीला तेव्हा काय हवं होतं

१९५१ मध्ये वेल्क लॉस एंजेलिसला आला. समुद्रकाठच्या अॅरागॉन नृत्यगृहात त्याचा वाद्यवृंद वाजत होता आणि केटीएलए या स्थानिक केंद्राचा प्रमुख क्लाउस लँड्सबर्ग याने तिथून थेट प्रक्षेपण सुरू केलं. हीही पुन्हा स्थानिक केंद्राचीच सुरुवात होती. चार वर्षं हा कार्यक्रम फक्त दक्षिण कॅलिफोर्नियापुरता होता.

२ जुलै १९५५ ला तो एबीसीवर देशभर दिसू लागला, तोही उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या जागेवरचा तात्पुरता कार्यक्रम म्हणून. डॉज मोटारींची प्रायोजकता होती. एबीसी त्या वेळी तीन नेटवर्कांतलं सगळ्यात दुबळं होतं. सीबीएस आणि एनबीसीकडे मोठे तारे होते, जास्त केंद्रं होती, पैसा होता. एबीसीला स्वस्तात होणारं आणि शनिवारी रात्री नऊला कोणालाही न दुखावता घराघरात चालेल असं काही तरी हवं होतं. वेल्कचा तयार वाद्यवृंद हे त्याचं नेमकं उत्तर होतं. त्याला लेखक लागत नव्हते, भारीचे पाहुणे लागत नव्हते. १९५६ मध्ये एनबीसीने सिड सीझरचा नावाजलेला विनोदी कार्यक्रम शनिवारी वेल्कसमोर लावला आणि पुढच्या वर्षी तो बंद झाला. समीक्षकांना ते फार लागलं. पण एबीसीला शनिवार मिळाला. एवढंच नाही, तर १९५६ पासून सोमवारी वेल्कचा दुसरा कार्यक्रमही लागला आणि तो तीन वर्षं चालला.

पडद्यावर जे दिसायचं ते एका मोठ्या कुटुंबासारखं बांधलेलं होतं. अकॉर्डियनवर मायरन फ्लोरेन, पियानोवर जो अॅन कॅसल, टेनर आवाजात जो फीनी, नाचायला बॉबी बर्जेस आणि त्याची जोडीदार. लेनन भगिनी, म्हणजे डायॅन, पेगी, कॅथी आणि जॅनेट, १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा आल्या. वेल्कच्या मुलाची डायॅनशी शाळेतली ओळख होती, त्याने वडिलांना त्यांचं गाणं ऐकायला लावलं. त्या १९६८ पर्यंत राहिल्या. प्रेक्षकांनी या मुलींना वयात येताना, लग्न करताना, आया होताना पाहिलं. कलाकार बदलायचे ते हळूहळू, आणि नवा आला की वेल्क स्वतः त्याची ओळख करून द्यायचा. मधूनच तो काठी खाली ठेवून समोरच्या प्रेक्षकांतल्या एखाद्या बाईबरोबर नाचायचा. नृत्यगृहाचा हा शिरस्ता त्याने स्टुडिओतही चालू ठेवला.

प्रेक्षकांशी असलेलं हे नातं किती पक्कं होतं ते १९५९ मध्ये दिसलं. मुख्य गायिकेला तिथे 'शॅम्पेन लेडी' म्हणत. अॅलिस लॉन त्या जागी होती. तिने पडद्यावर गुडघे फार दाखवले, असं म्हणून वेल्कने तिला काढून टाकलं. पत्रांचा पाऊस पडला. लिहिणारे बहुतेक तिच्या बाजूचे होते. वेल्कने तिला परत बोलावलं, तिने नकार दिला. १९६० पासून ती जागा नॉर्मा झिमरला मिळाली आणि तिने ती १९८२ पर्यंत सांभाळली. या प्रसंगात वेल्क चुकला असं माझं स्पष्ट मत आहे. लॉनची बाजू पगाराची आणि गाणी निवडण्याच्या हक्काचीही होती, ती गुडघ्यांच्या चर्चेत दबून गेली. पण प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की हा प्रेक्षक पत्र लिहिणारा होता. त्याचं म्हणणं मोजायला यंत्र लागत नव्हतं.

इथे आपल्याशी दुरून का होईना, नातं सांगणारी एक गोष्ट आहे. १९६१ च्या फेब्रुवारीत वेल्कच्या वाद्यवृंदाची एक धून अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिचं नाव होतं 'कलकत्ता'. मूळ चाल हाइनो गाझे या जर्मन संगीतकाराची. तिच्यात बंगालचं काही नाही, हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याचा खणखणीत आवाज आणि टाळ्या आहेत. वेल्क तेव्हा ५७ वर्षांचा होता. १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने तो मान घेईपर्यंत त्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारा तो सगळ्यात वयस्क कलावंत होता. ही धून विकत घेणाऱ्यांत तरुण पोरंही असणार, त्याशिवाय ती तिथवर पोचली नसती. वेल्कचं संगीत फक्त म्हाताऱ्यांचं, हा शिक्का नंतर बसला.

नियम आणि वय

साठच्या दशकाच्या अखेरीस दोन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली जाहिरातदारांकडून. तोवर नेटवर्क सांगायचं, आमचा कार्यक्रम इतक्या लाख घरांत दिसतो. आता जाहिरात विकत घेणारे विचारू लागले, त्या घरांत बसलेल्यांचं वय काय, ते शहरात राहतात की खेड्यात, कमाई किती. अठरा ते एकोणपन्नास वयाच्या, शहरी, खर्च करणाऱ्या प्रेक्षकाला जास्त भाव मिळू लागला. एबीसीने तर हा विचार आधीपासून उचलून धरला होता. एकूण प्रेक्षकसंख्येत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या नेटवर्कला 'आमचे प्रेक्षक थोडे असतील, पण तरुण आहेत' हे म्हणणं सोयीचं होतं. शेतावरच्या, छोट्या गावातल्या, साठीच्या पुढच्या वेल्कच्या प्रेक्षकामुळे त्या दाव्याला बाधा येत होती. ज्या माणसाने दुबळ्या एबीसीला शनिवार मिळवून दिला, तो एबीसी सावरल्यावर तिला नकोसा झाला. व्यापारात असं होतं हे मला कळतं, तरी ते वाचताना वाईट वाटतंच.

दुसरी गोष्ट सरकारकडून. अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९७० मध्ये एक नियम केला. संध्याकाळच्या मुख्य वेळेवर तिन्ही नेटवर्कांचा जो कब्जा होता तो सैल करायचा, असा हेतू होता. सगळ्यात मोठ्या पन्नास शहरी बाजारपेठांत नेटवर्कने मुख्य वेळेतले तीन तासच वापरावेत, उरलेली वेळ केंद्रांनी स्थानिक किंवा स्वतंत्र निर्मात्यांच्या कार्यक्रमांना द्यावी. १९७१ च्या हंगामापासून हे लागू होणार होतं. नेटवर्क तोवर रोज साधारण साडेतीन तास भरत. म्हणजे दर संध्याकाळचा अर्धा तास गेला आणि प्रत्येक नेटवर्कला आठवड्यातले काही कार्यक्रम कमी करणं भाग पडलं. काय कमी करायचं याची यादी करायला बसल्यावर वयाचा हिशेब समोर होताच.

सीबीएसने त्या वर्षी सगळ्यात मोठी कत्तल केली. १९४८ पासून चाललेला एड सलिव्हनचा कार्यक्रम गेला, खेड्यांच्या पार्श्वभूमीवरच्या लोकप्रिय विनोदी मालिका एकामागून एक गेल्या, 'ही हॉ' हा ग्रामीण गाण्यांचा आणि विनोदाचा कार्यक्रम गेला. एबीसीने वेल्कला निरोप दिला. (भारतात तेव्हा दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडायचा होता.)

बाहेर पडण्याची वाट

आता प्रकरणाचा खरा गाभा. नेटवर्कने नाही म्हटल्यावर बहुतेक कार्यक्रम जागेवर संपतात, कारण नेटवर्कच्या पैशाशिवाय त्यांना पुढचा आठवडा नसतो. वेल्कच्या बाबतीत एबीसीच्या हातात फक्त वेळ होती. कार्यक्रम तिच्या मालकीचा नव्हता, तो वेल्कच्या स्वतःच्या टेलिक्लू या कंपनीकडे होता. वादक आणि गायक एबीसीचे नोकर नव्हते, ते वेल्ककडे कामाला होते. त्यांना कलाकारांच्या संघटनेने ठरवलेल्या किमान दराने पगार मिळे, आणि तो फार जास्त नव्हता ही तक्रार पुढे काही कलाकारांनी उघडपणे केली. पण वर्षभराचं काम आणि नफ्यात वाटा अशी सोय होती. म्हणून एबीसी गेली तरी संच फुटला नाही. गाण्यांच्या प्रकाशनहक्कांच्या कंपन्याही वेल्कने विकत घ्यायला सुरुवात केली होती. जेरोम कर्नसारख्या संगीतकाराची गाणी ज्यांच्याकडे होती त्या टी. बी. हार्म्सची खरेदी याच सुमाराची. म्हणजे यातलं गाणं कुठेही वाजलं तरी मानधनाचा एक भाग त्याच्याच घरी यायचा.

निर्माता डॉन फेडरसन याच्या साथीने वेल्कने कार्यक्रम थेट स्थानिक केंद्रांना द्यायचं ठरवलं. याला तिथे सिंडिकेशन म्हणतात आणि यातली बार्टर पद्धत समजून घेण्यासारखी आहे. केंद्राने कार्यक्रमासाठी पैसे द्यायचे नाहीत. तासाभराच्या भागात जाहिरातींची जेवढी मिनिटं असतात, त्यातली काही निर्मात्याने आधीच राष्ट्रीय प्रायोजकाला विकलेली असतात, उरलेली केंद्राने आपल्या गावातल्या दुकानदाराला, बँकेला, मोटारविक्रेत्याला विकायची आणि ते पैसे ठेवायचे. केंद्राला फुकटात लोकप्रिय तास मिळतो, निर्मात्याला प्रायोजकाकडून खर्च आणि नफा मिळतो. पद्धत सोपी दिसते, पण तिची एक अट आहे. निर्मात्याकडे असा प्रायोजक हवा, ज्याला नेमका हाच प्रेक्षक पाहिजे.

वेल्ककडे तो होता. जे. बी. विल्यम्स ही कंपनी जेरिटॉल नावाचं लोहयुक्त टॉनिक आणि सोमिनेक्स ही झोपेची गोळी विकायची. तिचा ग्राहक साठीचाच होता. मोटार आणि शीतपेय विकणाऱ्याला म्हातारा प्रेक्षक नको होता, टॉनिक विकणाऱ्याला त्याच्याशिवाय दुसरा कोणी नको होता. नेटवर्कला एकाच वेळी सगळ्या प्रकारच्या जाहिरातदारांना खूश ठेवावं लागतं, म्हणून ते सरासरीचा विचार करतं. वेल्कला एकदोन प्रायोजक पुरेसे होते. संपूर्ण प्रकरणात हा फरक सगळ्यात कमी चर्चिला जातो आणि माझ्या मते निर्णायक तोच आहे.

आता राहिली वेळ. इथे तो नियम मदतीला आला. आयोगाने नेटवर्ककडून काढून घेतलेली संध्याकाळची वेळ केंद्रांना भरायची होती आणि त्यांच्याकडे भरायला फारसं काही नव्हतं. स्थानिक कार्यक्रम बनवायला खर्च येतो. अशा वेळी सोळा वर्षं ओळखीचा, पूर्ण तयार, फुकट मिळणारा तास समोर आला तर तो कोण नाकारेल? नियमाने वेल्कचा कार्यक्रम कापायला कारण दिलं आणि त्याच नियमाने त्याच्यासाठी रिकामी खुर्चीही मांडून ठेवली. बऱ्याच गावांत तो आता शनिवारी संध्याकाळी सातच्या आसपास लागू लागला. नेटवर्कवर असताना त्याची वेळ रात्रीची होती, त्या मानाने शेतकरी आणि म्हाताऱ्या माणसांना ही अधिकच सोयीची. कार्यक्रम उपग्रहाने केंद्रांपर्यंत पोचवायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे भागांच्या टेपा केंद्राकेंद्रावर पाठवल्या जात.

नियम करणाऱ्यांच्या मनात नव्या, स्थानिक, धाडसी कार्यक्रमांचं स्वप्न होतं. पुढच्या काळात ती मोकळी झालेली वेळ मुख्यतः स्वस्त खेळस्पर्धांनी आणि वेल्कसारख्या जुन्या ओळखीच्या कार्यक्रमांनी भरली, आणि १९९६ मध्ये तो नियमच रद्द झाला. 'ही हॉ'नेही हीच वाट धरली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो चालला. म्हणजे वेल्कचं यश अपघात नव्हतं. मालकी, ठरावीक प्रेक्षक आणि त्या प्रेक्षकाचा खास प्रायोजक हे तिन्ही असलेल्यांना ती वाट खुली होती.

वेल्कच्या डोक्यात यँक्टनचे दिवस असतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण स्थानिक केंद्राशी व्यवहार करणं, त्याच्या श्रोत्यांना सांभाळणं, आणि पडद्यामागे गावोगावी दौरे काढून त्याच लोकांसमोर प्रत्यक्ष वाजवणं हे काम त्याला नवं नव्हतं. त्याच्या कारकिर्दीत नेटवर्कची सोळा वर्षंच वेगळी होती.

चौकटीबाहेर काय राहिलं

या कार्यक्रमाबद्दल आपुलकीने लिहिताना त्याच्या मर्यादेवर पांघरूण घालणं मला जमणार नाही. ज्या वर्षांत अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ पेटली होती आणि व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, त्या वर्षांत या पडद्यावरचं जग जवळपास पूर्ण गोरं होतं. टॅपनर्तक आर्थर डंकन १९६४ मध्ये आला आणि १९८२ पर्यंत राहिला. अशा साप्ताहिक संगीत कार्यक्रमात कायमचं स्थान मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकारांत त्याचं नाव घेतात, आणि त्याचं पदलालित्य आजही पाहावंसं वाटतं. पण अठरा वर्षं तो त्या संचातला जवळजवळ एकटाच राहिला. १९७३ मध्ये मेक्सिकोत जन्मलेली अनाकानी ही गायिका आली. यापलीकडे चौकट फारशी रुंदावली नाही. ज्या जॅझवर या सगळ्या वाद्यवृंदांचा पाया उभा होता, तो ज्यांनी घडवला त्या समाजाला तिथे एवढीच जागा मिळावी, हे खटकतं.

काळापासूनचं हे अंतर कधी कधी फार उघडं पडायचं. १९७१ मध्येच गेल फॅरेल आणि डिक डेल या दोघांनी ब्रूअर अँड शिप्ली या जोडीचं एक लोकप्रिय गाणं म्हटलं. गाण्यात गांजाचा उल्लेख होता आणि त्यावरून तेव्हा बाहेर वादही चालला होता. त्यात येशूचं नाव ऐकून वेल्कने ते आधुनिक भक्तिगीत म्हणून मनापासून गौरवलं. तरुणांचं गाणं घेऊन तरुणांना जोडायचा प्रयत्न होता, पण त्या भाषेशी कोणाचीच ओळख नव्हती. आपला कार्यक्रम सगळ्या कुटुंबासाठी आहे असं वेल्क म्हणायचा. १९७१ पर्यंत त्या कुटुंबातली नातवंडं दुसऱ्या खोलीत गेली होती, हे एबीसीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. त्यावरून मागे राहिलेल्या आजी-आजोबांची किंमत शून्य धरणं, हे मात्र चुकीचं होतं.

पैसे कोण देतं

१९८२ मध्ये वेल्कने नवे भाग थांबवले. तो ७९ वर्षांचा होता. वर्षभर जुन्या भागांचं पुनःप्रक्षेपण झालं आणि मग काही काळ सगळं शांत होतं.

१९८७ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्थेने, म्हणजे ओईटीएने, वेल्कवर एक माहितीपट दाखवला आणि जुने भाग देशभरातल्या सार्वजनिक केंद्रांना द्यायला सुरुवात केली. दर भागाच्या आधी आणि नंतर संचातला एखादा कलाकार येऊन बोलतो, ही पद्धत तेव्हाची. वेल्क १७ मे १९९२ ला सांता मोनिकात वारला, पण हे प्रक्षेपण थांबलं नाही. १९९४ मध्ये मिसूरीतल्या ब्रॅन्सन या गावी वेल्कच्या नावाचं नाट्यगृह उघडलं आणि संचातले कलाकार तिथे प्रत्यक्ष प्रयोग करू लागले. त्याचं स्ट्रासबर्गजवळचं मातीच्या विटांचं घर आता नॉर्थ डकोटा राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे. १९९० मध्ये अमेरिकी संसदेने त्या गावातल्या संग्रहालयासाठी पाच लाख डॉलर मंजूर केले होते, तेव्हा देशभर उधळपट्टीची ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी ते पैसे मागे घेतले गेले. त्या ओरडीत वेल्कपेक्षा त्याच्या प्रेक्षकाविषयीची तुच्छता जास्त होती, असं मला वाटतं.

आर्थिक दृष्टीने पाहिलं तर हा तिसरा टप्पा सगळ्यात वेगळा आहे. एबीसीवर असताना खर्च जाहिरातदार करत होता आणि त्याला कोणता प्रेक्षक हवा हे तोच ठरवत होता. १९७१ नंतर टॉनिकवाला प्रायोजक आणि गावातला दुकानदार मिळून खर्च उचलत होते. अमेरिकेतली सार्वजनिक केंद्रं मात्र बऱ्याच अंशी बघणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतात. वर्षातून काही वेळा देणग्या गोळा करायचे आठवडे असतात, कार्यक्रमाच्या मधे केंद्रावरची माणसं येऊन पैसे मागतात, आणि त्या आठवड्यांत वेल्कचे खास भाग हमखास लावले जातात. फोन करून पंचवीस-पन्नास डॉलरचा शब्द देणारा हा देणगीदार मुख्यतः त्याच वयाचा आहे, ज्या वयामुळे एबीसीने हा कार्यक्रम बंद केला होता.